हॉट डॉग इंदूरचा, तवा पुण्याचा



या वेळच्या पत्रांमध्ये एक पत्र चिंचवडहून आलंय. लिहिणारी इंदूरची माहेरवाशीण. लग्नाला दोन वर्षं झाली, आता पाचवा महिना लागलाय आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास सध्या नको म्हणून बजावलंय. तिला डोहाळे लागलेत. चिंचेचे नाहीत, कैरीचे नाहीत, तर हॉट डॉगचे! घरात सांगितलं तर दीर हसले. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, आपला वडापाव आहे की! त्यात नि ह्यात फरक काय?’ यजमान बिचारे चांगल्या मनाने गेले आणि एका दुकानातून हॉट डॉग बांधून घेऊन आले. लांबट पाव, आत सॉसेज, वरून मेयॉनीजची धार. पोरीने एक घास घेतला आणि डबा बाजूला सारला. झालं! सूनबाई नखरेल आहेत, असं घरात ठरून गेलं. तिचा प्रश्न एवढाच आहे की ताई, आपला हॉट डॉग पुण्यात कुठे मिळेल का, आणि नाहीच मिळाला तर घरी कसा करायचा?

पत्र वाचून मला हसूही आलं आणि पोटात कालवलंही. कारण मीही इंदूरचीच. लग्न होऊन पुण्यात आले त्याला बारा वर्षं झाली. इथे एका शाळेत अर्धवेळ हिंदी शिकवते. पहिल्या वर्षी मलाही कुणाला नीट सांगता येत नसे की मला नेमकं काय हवंय. ‘हॉट डॉग’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे विलायती लांबोडका पाव येतो, आणि आपण नवी सून म्हणून गप्प बसतो.

तेव्हा ज्यांनी तो खाल्ला नाही त्यांना आधी सांगते. इंदूरच्या हॉट डॉगमध्ये सॉसेज नसतं आणि लांब पावही नसतो. असतो तो गोल, मऊ बन. तो मधोमध कापायचा, तव्यावर खरपूस शेकायचा, आणि आत बटाट्याची चपटी टिक्की, बारीक कांदा आणि झणझणीत हिरवी चटणी. मांसाहार करणाऱ्यांसाठी बटाट्याच्या जागी मटणाची टिक्की. तिसरा प्रकार म्हणजे ‘बेंजो’, त्याच बनमध्ये कांदा-मिरची घातलेलं ऑम्लेट. न्यू पलासिया भागात ‘छप्पन दुकान’ नावाची खाऊगल्ली आहे. तिथलं जॉनी हॉट डॉग हे दुकान १९७८ पासून मुख्यतः ह्या तीन वस्तूंवर चाललंय. २०१९ साली घरपोच खाणं पोचवणाऱ्या एका परदेशी कंपनीने सगळ्या आशिया-पॅसिफिक भागातला सर्वांत जास्त मागवला जाणारा पदार्थ म्हणून ह्याच हॉट डॉगचा गौरव केला होता. आहे की नाही गंमत! ज्याचं नाव ऐकून चिंचवडचे दीर हसले, त्याची कीर्ती हाँगकाँगपर्यंत जाऊन आली.

बेंजो हे नाव कुठून आलं असेल, असं मला विद्यार्थी विचारतात. (हिंदीचा तास असला तरी पोरांना खाण्याचं बोललेलं आवडतं.) ब्रिटिश फौजेतले शिपाई अंडं घातलेल्या पावाला ‘एग बँजो’ म्हणतात. इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर महूची छावणी आहे. १८१८ मध्ये होळकरांचा इंग्रजांशी तह झाला, त्याच वर्षी ती छावणी बसली आणि त्याच वर्षी होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. छावणीतला शब्द गावात आला आणि आपल्या जिभेवर घासून बेंजो झाला, असा माझा आपला तर्क. होळकरांमुळेच आमच्यासारखी मराठी घरं इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात पुरणपोळी आणि वरण-भात, रात्री सराफ्यात दहीवडा आणि गराडू, आणि रविवारी संध्याकाळी छप्पन दुकान, असं आमचं खाणं दोन्ही बाजूंचं.

आता सासूबाईंचा प्रश्न. वडापावात नि ह्यात फरक काय? तो प्रश्न काही वेडगळ नाही हं. दोन्हीत बटाटा आहे, दोन्हीत पाव आहे. पण वडा बेसनात बुडवून कढईत तळतात, टिक्कीला बेसन लागत नाही, ती तव्यावर कमी तेला-तुपात भाजते. वड्याचा कुरकुरीतपणा वरच्या आवरणात, टिक्कीचा तिच्या स्वतःच्या कडेत. वडापावाचा पाव लादीतला, बहुतेक ठिकाणी तो न भाजताच देतात. इथे बन भाजला नाही तर सगळाच कारभार फुकट. आणि वडापावाचा जीव सुक्या लसणाच्या चटणीत, ह्याचा ओल्या हिरव्या चटणीत. कोल्हापूरच्या माणसाला पुण्याची मिसळ पुढे ठेवून ‘मिसळच आहे की’ म्हणून बघा बरं! पुढचा अर्धा तास तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल. त्याला कुणी नखरेल म्हणत नाही, खवय्या म्हणतात. सुनेला मात्र नखरेल. असो.

गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेतही हाच घोळ आहे. माझी नणंद बरीच वर्षं शिकागोत होती, आता त्यांची बदली ॲरिझोनात फीनिक्सला झालीय. तिथे जाऊन वन्संची मुलं हटून बसली की आम्हाला ‘आपला’ हॉट डॉग हवा. म्हणजे शिकागोचा! मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिकडे प्रत्येक गावाचा हॉट डॉग वेगळा. न्यूयॉर्कमध्ये आंबवलेला कोबी नि कांद्याचा रस्सा घालतात. शिकागोचा बन खसखस लावलेला. त्यात पिवळी मोहरी, कांदा, हिरव्यागार रंगाचं गोडसर लोणचं, टोमॅटोच्या फोडी, आंबवलेल्या काकडीची उभी फाक, छोट्या तिखट मिरच्या आणि वर सेलरीचं मीठ. एवढं सगळं घालतील, पण टोमॅटो केचप घातला तर शिकागोकर भांडायला उठेल. १८९३ साली शिकागोत जे जागतिक प्रदर्शन भरलं होतं, ज्याच्या निमित्ताने स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले, त्याच प्रदर्शनात ऑस्ट्रिया-हंगेरीहून आलेल्या दोघांनी आपली सॉसेजेस विकली. पुढे त्यांचा कारखाना त्या गावाच्या हॉट डॉगचा आधार झाला. मंदीच्या काळात स्वस्तात पोट भरावं म्हणून गाडीवाल्यांनी भाज्यांची भर घातली. सॉसेज गोमांसाचं असतं, म्हणून वन्सं स्वतः शाकाहारी सॉसेज घालून घेतात. पण बन, मिरच्या, मोहरी सगळं शिकागोचंच हवं.

फीनिक्सला त्यांना तो मिळाला. शिकागो सोडून उन्हाच्या गावी स्थायिक झालेली माणसं तिकडे पुष्कळ, त्यामुळे तशी दुकानंही निघालीत. आणि परगावी शिकागोचा हॉट डॉग विकणारे कित्येक दुकानदार सॉसेजच काय, खसखशीचे बनसुद्धा थेट शिकागोहून मागवतात. वन्सं म्हणाल्या, ‘वहिनी, चव तंतोतंत तीच, फक्त बाहेर बर्फाऐवजी निवडुंग!’

आपल्या इंदूरच्या हॉट डॉगला पुण्यात अशी चैन परवडणारी नाही. इंदूर-पुणे अंतर ६०० किलोमीटरच्या आसपास. रात्रीच्या बसने कुणी येणार असेल तर शेव येते, जिरावण मसाला येतो, पण बन आणून उपयोग नाही. तो इथे पोचेपर्यंत शिळा होतो. म्हणजे हॉट डॉग इथे मिळायचा तर इथल्या बनचा, इथल्या तव्यावरचाच मिळणार. मग तो इंदूरचा कसा ओळखायचा?

माझा अनुभव सांगते. मी पुण्यात पहिली दोन-तीन वर्षं पाट्या वाचत फिरले. ‘हॉट डॉग’ अशी पाटी दिसली की आत जायचं आणि तो लांबट पाव बघून परत यायचं. ‘इंदोरी’ अशी पाटी दिसली की आशेने जायचं, तर तिथे फक्त पोहे-जिलबी. (पोहे चांगले असायचे, ते खाऊन यायचे. तक्रार नाही.) एकदा आमच्या घरापासून तीन बसथांब्यांवर, मुलांच्या वसतिगृहाजवळ, एका हातगाडीपाशी पाय थबकले. पाटीवर लिहिलं होतं ‘टिक्की बन’. पण मी पाटी वाचायच्या आधी तवा पाहिला होता. मोठा सपाट तवा, कडेने टिक्क्यांची रांग, मधे बन पालथे घालून दाबलेले. मी विचारलं, ‘भिया, इंदौर से?’ तो म्हणाला, ‘देवास से, दीदी.’ देवास म्हणजे आमच्या शेजारचंच गाव! मग त्याने सांगितलं की सुरुवातीला त्याने पाटीवर हॉट डॉगच लिहिलं होतं. पण गिऱ्हाइकं यायची, गोल बन बघून ‘हा काय हॉट डॉग?’ म्हणून वाद घालायची, पैसे परत मागायची. शेवटी त्याने नाव बदललं, वस्तू बदलली नाही. 

इथला बेकरीचा बन त्याला जरा गोड वाटतो, म्हणून चटणीत मिरची वाढवतो, असंही त्याने सांगितलं. मी खाऊन पाहिलं. अगदी छप्पन दुकानातला म्हणणार नाही. बन गोडसर लागतोच. पण दुसऱ्या घासाला कडक झालेली टिक्कीची कड दाताखाली आली आणि मी गाडीच्या कडेला उभी राहून सगळा संपवला. पदर सावरायचंही भान नव्हतं.

म्हणून चिंचवडच्या मैत्रिणीला आणि तिच्या यजमानांना माझं सांगणं असं की नाव शोधू नका, तवा शोधा. संध्याकाळी सहानंतर बाहेर पडा, सकाळी ह्या गाड्या लागत नाहीत. वसतिगृहं, क्लासेस, मोठी ऑफिसं, जिथे माळव्याकडची मुलं राहतात, त्या बाजूला बघा. नुसती कढई दिसली तर पुढे चला. टेबलावर मेयॉनीजच्या आणि केचपच्या बाटल्या मांडलेल्या असतील, चीजचे काप दिसत असतील, तरीही पुढे चला. बन आतून भाजून देता का, हे विचारा. आणि गाडीवाल्याला त्याचं गाव विचारायला लाजू नका. गावाचं नाव काढलं की हा माणूस खुलतो, आणि त्याच्याकडे नसलं तरी कुणाकडे मिळेल ते सांगतो. यजमानांनी एकट्याने जाण्यापेक्षा दोघांनी मिळून जावं. तव्याची पारख तिला आहे, त्यांना नाही.

आता जरा घरातल्या मंडळींशी बोलते. डोहाळे पुरवायची आपल्याकडे केवढी रीत! सून आवळा म्हणाली की सासरे पिशवी घेऊन निघतात, अनारसे म्हणाली की सासूबाई तांदूळ भिजत घालतात. मग हॉट डॉग म्हटल्यावर हसू का यावं? नाव इंग्रजी म्हणून? ते तिच्या माहेरच्या गल्लीतलं खाणं आहे. आमच्या सासूबाई रत्नागिरीच्या. पुण्यात येऊन त्यांना चाळीस वर्षं होऊन गेली, पण इथल्या मंडईतल्या फणसाला त्या अजून ‘फणसासारखा दिसतो खरा’ एवढंच म्हणतात. मला दिवस गेले तेव्हा मी भीतभीत हॉट डॉगचं बोलले, तर त्या एकट्याच हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मला कुयरीचे डोहाळे लागले होते, आणि इथे कुयरी म्हणजे काय हेच कुणाला माहीत नव्हतं.’ (कुयरी म्हणजे कोवळा फणस.) मग त्यांनी विचारलं, ‘तुझी आई टिक्कीत काय घालायची?’ मला तेवढं पुरलं. चिंचवडच्या सूनबाई, तुमच्या सासूबाईंना एकदा विचारून तर बघा, त्यांना कशाचे डोहाळे लागले होते आणि कोणते पुरवले गेले नाहीत.

बाहेरचं खाताना मात्र ह्या दिवसांत सांभाळायला हवं. टिक्की आणि बन आपल्यासमोर तव्यावरून उतरलेले असावेत, आधी करून ठेवलेले नकोत. चिरून उघडा ठेवलेला कांदा आणि गाडीवरची पातळ चटणी टाळा. चटणी घरून छोट्या डबीत नेली तरी चालते, गाडीवाला रागावत नाही, मी नेलेली आहे! बेंजो खाणार असाल तर ऑम्लेट आतपर्यंत शिजलेलं हवं, ओलसर नको. मटणाचंही तेच. जळजळ होत असेल तर रात्री उशिरा नको, आणि साखरेचं काही सांगितलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

घरी करायचा तर सहा बनांना चार मोठे बटाटे घ्या. उकडून पूर्ण गार होऊ द्या, गरम बटाटा कुस्करला की चिकट होतो आणि टिक्की तव्याला धरते. गार झाल्यावर किसून घ्या. त्यात दोन चमचे ब्रेडचा कोरडा चुरा, आलं-मिरचीचं वाटण एक चमचा, धणे-जिऱ्याची पूड, अर्धा चमचा आमचूर, कोथिंबीर आणि मीठ. मी चिमूटभर जिरावण घालते, ते माझं स्वतःचं. टिक्की बनच्या आकाराची थापा. लहान झाली तर कडेचा बन कोरडा लागतो. जाडी करंगळीएवढी पुरे. बिडाचा तवा असेल तर तोच काढा. तूप सोडून मंद आचेवर ठेवा आणि उलटायची घाई करू नका. कडेने तांबूस दिसेपर्यंत हात लावायचा नाही. चटणीला कोथिंबिरीची अर्धी जुडी, मूठभर पुदिना, चार-पाच मिरच्या, मीठ, लिंबू आणि दाटपणासाठी चमचाभर शेव एकत्र वाटा. पाणी अगदी कमी, नाहीतर बन भिजतो.

बन इराण्याकडचा किंवा साध्या बेकरीचा चालेल, पण लोणी-दुधाचा फार गोड नको. आदल्या दिवशीचा असला तर उत्तम, ताजा बन तव्यावर दबतो आणि त्याचा गोळा होतो. आतल्या बाजूला तूप लावून पालथा घाला आणि वर ताटली ठेवून हलक्या हाताने दाबा. मग चटणी, टिक्की, बारीक चिरलेला कांदा, पुन्हा चटणी. सासूबाईंना टिक्क्या करू द्या, बन तुम्ही भाजा. वडापावाच्या घरात टिक्की सहज जमते, चुकतं ते बनपाशी.

जिरावण विकतही मिळतं, पण घरचं जास्त सुवासिक. धणे चार चमचे, जिरे दोन, बडीशेप दोन, सुक्या लाल मिरच्या सहा, लवंगा सहा, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि दोन तमालपत्रं वेगवेगळं, करपू न देता भाजून घ्या. गार झाल्यावर त्यात आमचूर दोन चमचे, सुंठपूड एक चमचा, काळं मीठ एक चमचा, हळद अर्धा चमचा, थोडं जायफळ आणि हिंग घालून बारीक दळा. काचेच्या कोरड्या बाटलीत दोन-अडीच महिने वास टिकतो. पोह्यांवर, काकडीवर, उकडलेल्या रताळ्यावर भुरभुरवा.

आणि एक. हा पदार्थ पंगतीचा नाही. बन गार झाला की चिवट होतो, टिक्कीची कड मऊ पडते. सगळ्यांची पानं मांडून होईपर्यंत थांबायचं नाही. तव्यावरून पहिला उतरेल तो जिला डोहाळे लागलेत तिच्या हातात, दुसरा तिच्या सासूबाईंच्या. दिरांचा नंबर शेवटी लागला तरी चालेल.